कमरेच्या वर

“चेहरा चांगला आहे पोरीचा. कॅमेऱ्यात तेवढाच दिसते.”

पटले सर त्यांच्या केंद्राच्या जिन्यात बाबांना सांगत होते आणि मी वर दाराआड वाकून पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा आवळत होते. पट्टा आवळताना मी श्वास धरते, जुनी सवय आहे. त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येतं. बाबा म्हणाले, “हो ना. बसली असली का कोनाले समजतच नाही.” दोघंही हसले नाहीत. बैलाचा सौदा ठरल्यावर माणसं जशी गप्प होतात तसे गप्प झाले आणि एकामागे एक खाली उतरले. मी पट्टा आणखी एक भोक आवळला. इतका आवळायची गरज नव्हती.

दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला लवकर येणारा हलका धान कापला जातो आणि हे वाक्य परत येतं. आत्ताही खिडकीबाहेर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कडपा पसरल्या आहेत. कापलेला धान आडवा टाकून ऊन खायला ठेवतात, त्या कडपा. सकाळी दव असतं तोवर त्यांना ओलसर, गोडसर वास येतो. दुपारी तोच वास कोरडा होऊन नाकात टोचतो. आई म्हणते, हा लक्ष्मीचा वास. मला त्या वासात एका खोलीतली गरम झालेली संगणकाची तार, इन्व्हर्टरचा घुमणारा आवाज आणि पटले सरांच्या केसांचं तेल आठवतं. त्याला माझा इलाज नाही. कुणाच्या डोक्यात कोणता वास कुठे जाऊन बसेल, हे त्या त्या वर्षावर असतं.

बी.ए. होऊन घरी बसले होते तेव्हाची गोष्ट. ‘बसले होते’ हे शब्दशः खरं आहे.

आमच्याकडे पाहुणे येण्याआधी मला बसवायचे. भाऊबीज झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता येतं. ज्या गावाची मंडई त्या गावात घरोघरी पाहुणे. अंगणात जोडे मावत नाहीत, चुलीवरून वड्यांची कढई उतरत नाही. बाहेर चौकात दंडारीचा नाच-खेळ, शिंगाड्यांचे ढीग, उसाच्या मोळ्या, प्लॅस्टिकचे चष्मे आणि पिपाण्या. अर्ध्या गावाच्या सोयरिकी याच दिवसांत जुळतात. आमच्या मंडईच्या दिवशी सकाळीच आई मला समोरच्या खोलीत, भिंतीजवळच्या पलंगावर बसवायची, पायांवर शाल टाकायची आणि आमच्या घरच्या पोवारी बोलीत म्हणायची, “उठू नोको, बाई.” ती हे मायेनं म्हणायची. मी आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी प्यायचे. पाहुणे यायचे, मी नमस्कार करायचे, ते खायचे, मी हसायचे, ते जायचे. शेवटची बैलगाडी किंवा मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी झाली की आई शाल काढायची आणि मी उठायचे.

“किती शांत पोरगी हो. जागची हालत नाही,” असं मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडच्या एका मावशीनं एकदा म्हटलं होतं. आई त्या कौतुकाला लाजली. माझ्या शांतपणाची कीर्ती अशी दोन राज्यांत पसरली.

शाळेतही तेच, फक्त इंग्रजीत. गोंदियातल्या इंग्रजी शाळेत स्नेहसंमेलनाचं स्वागताचं भाषण दर वर्षी माझ्याकडे यायचं, कारण माझे उच्चार चांगले होते. पडदा उघडायच्या आधी मला खुर्चीत बसवून ठेवायचे. पडदा उघडला की मी बोलायचे. टाळ्या. पडदा बंद झाला की दोन मुली येऊन मला आत न्यायच्या. कितीतरी पालकांना मी चालते हेच माहीत नसेल. मी चालते. डाव्या पायाला पोलिओ झाला तेव्हा दोन वर्षांची होते. कॅलिपर आणि जाड तळाचा बूट घालून मी घरभर, अंगणभर, बांधापर्यंत चालते, लांब जायचं असलं तर कुबडी घेते. चालताना खट् असा आवाज होतो. घरात पाहुणे असले की त्या आवाजाला बंदी.

गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर पायलट होणारी पोरं शिकतात. त्यांची छोटी विमानं आमच्या शेतांवरून गोल फिरतात, धावपट्टीला चाकं टेकवतात आणि न थांबता पुन्हा वर जातात. पुन्हा टेकवतात, पुन्हा वर. लहानपणी पलंगावर बसून मी ते बघायचे. मला वाटायचं, विमान खाली येतं ते कुणाला तरी घ्यायला, आणि दर वेळी कुणी तयार नसतं म्हणून परत जातं.

पटले सरांचं केंद्र गोंदियात, पंप-मोटारींच्या एका दुकानाच्या वर होतं. अपंगांना घरबसल्या नोकरी मिळावी म्हणून ऑनलाइन शिकवायचं, असं ते काम. तेव्हा अपंग म्हणत. पुढे शब्द बदलला, जिना बदलला नाही. तो जिना अरुंद, उभा आणि बिनकठड्याचा होता. एकदा एका बाईंना त्यांच्या भावानं पाठुंगळी आणलं. वर पोचून त्या म्हणाल्या, “घरबसल्या नोकरीसाठी एवढं चढा लागते का?” सर म्हणाले, “ताई, खालची जागा मिळत नाही हो. अपंगांचं केंद्र म्हटलं का मालक म्हनते, गर्दी होईन.” सर खोटं बोलत नव्हते. ते वाईट माणूसही नव्हते. इंटरनेटची लाइन गेली की डोंगल हातात धरून ते गच्चीवर उन्हात उभे राहायचे आणि खाली ओरडायचे, “आली का मॅडम? आली का?”

मॅडम म्हणजे पुण्याच्या गायत्री मॅडम. त्या पडद्यावर असायच्या. मागे पांढरी भिंत आणि एक हिरवं झाड, त्याचं एक पानही कधी हललं नाही. त्या आम्हाला ग्राहकांशी कसं बोलायचं ते शिकवायच्या. आवाजात हसू कसं ठेवायचं, रागावलेल्या माणसाला कसं ऐकून घ्यायचं, पडद्याकडे न बघता कॅमेऱ्याच्या भिंगाकडे कसं बघायचं. “भिंगाकडे बघितलंत की समोरच्याला वाटतं, तुम्ही त्याच्या डोळ्यांत बघताय,” त्या म्हणायच्या. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत बघितल्यासारखं वाटायला हवं असेल तर त्याच्याकडे बघायचं नाही. हे मला सोपं गेलं. मी आयुष्यभर तेच करत आले होते.

देवाजीला अवघड गेलं, कारण त्याला दिसत नव्हतं. देवाजी केशोरीचा. तापात डोळे गेले तेव्हा तो दहावीत होता. नंतर तो नागपूरला राहून संगणक शिकला. संगणक त्याला पडद्यावरचं वाचून दाखवायचा, इतक्या भरभर की आम्हाला तो आवाज म्हणजे पत्र्यावर पडलेले गहू वाटायचे. देवाजी ते ऐकत पान खायचा आणि कुणापेक्षाही आधी उत्तर टंकायचा. जिना आम्ही दोघं मिळून चढायचो. मी त्याच्या खांद्याला धरायचे, तो भिंतीला.

“तू पाह्य, मी चालतो,” पहिल्या दिवशी तो म्हणाला. “दोघं मिळून एक मानूस होऊन राहिलो आपन.”

मी पायऱ्या मोजत राहिले.

“तू कान्व्हेंटवाली ना? मराठीत चूप, हिंदीत चूप, अन् इंग्रजीत त गजबच चूप.”

मला हसू आलं, पण आवाज न करता. मग लक्षात आलं की याला ते दिसणार नाही. देवाजीबरोबर असताना हसायचं असेल तर मोठ्यानं हसावं लागायचं. मला ते जमायला दिवस गेले.

मॅडमना देवाजीचं बोलणं चालायचं नाही. “‘तो जाते’ नाही, देवाजी. ‘तो जातो’. ग्राहक हसतील.”

“हसन त हसू द्या मॅडम. हसून माल त घेन ना.”

मॅडम हसल्या. पडद्यावरचं हसू जरा उशिरा पोचतं. आधी तोंड हलतं, मग आवाज येतो. त्या दोन्हींच्या मधल्या वेळात माणूस खरा कसा दिसतो ते दिसतं. मी ते नेहमी बघून ठेवायचे.

त्या खोलीत माझ्यासाठी दोन खुर्च्या होत्या.

एक काळी, उंच पाठीची, ऑफिसातली. कंपनीचे लोक मुलाखत घ्यायचे तेव्हा मला तीत बसवायचे. कुबडी पडद्यामागे, कॅलिपर टेबलाखाली, कॅमेरा कमरेच्या वर. कंपन्यांना आमच्यासारखे घ्यायचे असायचे, पण त्यातले बघायला बरे असलेले. “थोडासा प्रॉब्लेम आहे, दिसत नाही,” असं सर फोनवर सांगायचे. माझ्याबद्दल सांगायचे तेव्हा आवाज जरा चढायचा. दुकानदार चांगला तांदूळ तळहातावर घेऊन दाखवतो तसा.

दुसरी खुर्ची चाकांची. ती कुणाच्या तरी मेलेल्या सासऱ्याची होती आणि केंद्राला मिळाली होती. मोठ्या शहरातल्या ज्या लोकांच्या मदतीवर केंद्र चालायचं ते अधूनमधून व्हिडिओवर डोकवायचे, तेव्हा मला हिच्यात बसवायचे आणि कॅमेरा खाली करायचे. पहिल्यांदा मी सरांना हळूच म्हटलं होतं की मी चालते, मला ही खुर्ची लागत नाही.

“मालूम है, बेटा,” सर म्हणाले. “पण तू चालते ते पाहून त्याइले वाटते, बरीच आहे. खुर्चीत बसली का समजते.”

“सर, मले बी द्या ना एखादी,” देवाजी कोपऱ्यातून म्हणाला. “मले त काहीच लागत नाही. मी दिसतोच आंधळा.”

कंपनीसाठी माझा पाय नव्हता आणि मदत देणाऱ्यांसाठी माझं तोंड नव्हतं. हे मी तेव्हा असं शब्दांत मांडलं नव्हतं. तेव्हा मी एवढंच बघितलं होतं की काळ्या खुर्चीत बसले की मला प्रश्न विचारतात आणि चाकांच्या खुर्चीत बसले की माझ्याबद्दल सरांना विचारतात. ही किती वर्षांची? ही खूश असते का? मी तिथेच असायचे, हाताच्या अंतरावर, आणि सर सांगायचे, बहुत खूश रहती है.

असं घरबसल्या काम मला हवं होतं. किती हवं होतं ते सांगायला त्या वर्षीच्या मंडईचं सांगावं लागेल. आत्यानं वारासिवनीकडचं एक स्थळ आणलं होतं. बायको वारलेला, दोन पोरांचा बाप, वय चाळिशीपलीकडे, शेती भरपूर. आमच्या मंडईला ते लोक येणार होते. त्यांना सांगितलं होतं, पोरगी पायानं जरा कमजोर आहे. आत्या म्हणाली, “बसलेलीच दाखवू. पसंत पडली का मंग हळूहळू समजन त्याइले.” मग हळूहळू म्हणजे लग्नानंतर. म्हणजे त्या घराच्या उंबरठ्यावर, सगळ्या गावासमोर, पहिला खट्.

सकाळी बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि बांधीकडे जाता जाता म्हणाले, “काम लागलं त थांबू. नाही लागलं त आत्या म्हनते तसं.” त्यांच्या परीनं ते माझ्या बाजूनं बोलले होते. एवढंच वाक्य माझ्या हातात होतं. पुण्याची एक कंपनी मराठी-इंग्रजीत बोलणारी मुलं-मुली शोधत होती. घरून काम, कानाला हेडफोन, ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या. शेवटची मुलाखत आमच्या मंडईच्या दोन दिवस आधी होती.

देवाजीची मुलाखत आधीच होऊन गेली होती. त्याला म्हणाले, सगळं उत्तम, पण डोळे कुठे बघतात ते कळत नाही, समोरच्याला विचित्र वाटतं. गॉगल घालता येईल का? म्हणून पटले सरांनी कुठल्याशा गावच्या मंडईतून त्याला काळा गॉगल आणला. पोरांचा होता, कानशिलं आवळायचा. देवाजी तो घालून सगळ्यांकडे तोंड फिरवत म्हणाला, “हिरो दिसून राहिलो का मी?”

“हो,” मी म्हटलं.

“खोटी. तू ‘हो’ म्हनते तेव्हा आवाज नाकातून येते तुहा.”

गॉगल घालून पुन्हा मुलाखत झाली. या वेळी म्हणाले, गॉगलमुळे चेहऱ्यावरचे भाव कळत नाहीत. देवाजीनं ते ऐकलं, पानाचा तोबरा खिडकीतून बाहेर थुंकला आणि गॉगल काढला नाही. त्यानंतर तो सदाच तो गॉगल घालून यायचा. मला वाटायचं ही त्याची गंमत आहे. बऱ्याच दिवसांनी कळलं की कानशिलांवर त्याचे वळ उठले होते.

आता हे लिहिताना बाहेर विमान फिरतंय. भाऊ म्हणतो, शिकणारी पोरं बदलतात, विमानं तीच. मी आता घरून काम करते. कुठल्याशा दूरच्या दवाखान्यांतले डॉक्टर बोलतात, मी ते ऐकून लिहून काढते. हे काम मला एका परीक्षेतून मिळालं. ऐका आणि टाइप करा, एवढीच परीक्षा. कुणी चेहरा मागितला नाही, पाय मागितला नाही. माझं लिहिलेलं कोण बघतंय, कुणी बघतंय का, मला माहीत नाही. मी दिवसभर अनोळखी माणसांच्या हाडांबद्दल, फुप्फुसांबद्दल, गर्भाशयांबद्दल लिहिते. तेही मला तुकड्यातुकड्यांनीच भेटतात. डावा गुडघा, स्त्री, वय अमुक. मला त्या गुडघ्याच्या वर काय असेल असं कधी कधी वाटतं. मग पुढची फाइल येते.

पुण्याच्या त्या कंपनीनं मला घेतलं नाही. पुढच्या तुकडीत विचार करू, असं कळवलं. देवाजीला तर तेवढंही नाही. तो केशोरीला परत गेला. आता बाजाराच्या दिवशी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, फोनला बोलायला शिकवतो आणि गिऱ्हाइकांची टिंगल करतो. केंद्र त्यानंतर दोन-तीन वर्षं चाललं. संस्थेचं एक रंगीत माहितीपत्रक निघालं, त्याच्यावर माझ्या बुटाचा फोटो होता. व्हिडिओवरूनच काढलेला, जरा धूसर, पण पट्टे आणि बकल स्पष्ट. खाली इंग्रजीत ‘होप’, म्हणजे आशा, असं छापलं होतं. आईनं ते पत्रक देव्हाऱ्याजवळ ठेवलं. तिनं तो बूट ओळखला की नाही हे मी विचारलं नाही. रोज संध्याकाळी तीच तर तो पुसून ठेवायची.

वारासिवनीचे लोक मात्र ठरल्याप्रमाणे आले. ते अंगणात शिरले तेव्हा मी दारात उभी होते. आई आतून शाल घेऊन आली आणि ती तशीच हातात धरून राहिली. त्यांनी वडे खाल्ले, शिंगाडे सोलले, पाऊसपाण्याचं बोलले, आणि पुन्हा कधी आले नाहीत. आत्या माझ्याशी वर्षभर बोलली नाही. बाबा त्या संध्याकाळी कडपा बांधायला गेले, ते अंधार पडल्यावर आले. मी दारात का उभी होते, हे घरात कुणी विचारलं नाही. ते मुलाखतीच्या दुपारी ठरलं होतं.

त्या दुपारी पटले सरांच्या गावची मंडई होती. दर वर्षी भावकीतले सगळे त्यांच्याकडे जेवायला असत आणि घरचा कर्ता माणूस दारात नसला तर ते नाक कापल्यासारखं. म्हणून सरांनी दोन्ही कामं एकाच दुपारी उरकायचं ठरवलं. आधी कंपनीची मुलाखत, लगेच मदत देणाऱ्यांची भेट, मग कुलूप लावून मोटारसायकल. सकाळपासून ते घड्याळाकडे बघत होते. घरून सारखा फोन येत होता, जावई पोचले, मामा पोचले. काळी खुर्ची टेबलाशी होती, चाकांची भिंतीशी तयार. आणि या घाईत सरांनी कंपनीला आणि मदत देणाऱ्यांना व्हिडिओची एकच लिंक पाठवली होती. वेळा वेगळ्या, दार एकच. आमच्याकडे मंडईच्या दिवशी असंच असतं, सगळे पाहुणे एकाच दारानं येतात, ते एकमेकांचे कोण हे कुणी विचारत नाही. सरांना त्यात काही चुकतंय असं वाटलंच नसणार.

मुलाखत चांगली चालली होती. कंपनीच्या बाईंचं नाव आता आठवत नाही. कपाळावर बारीक टिकली होती आणि त्या खरंच ऐकत होत्या. मी भिंगाकडे बघत होते. इंग्रजी शाळेतलं इंग्रजी घशातून मोकळं येत होतं, पडदा उघडलेला असावा तसं. त्यांनी विचारलं, ग्राहक चिडून बोलायला लागला, अपमान केला, तर तुम्ही काय कराल? हा प्रश्न मला येत होता. मॅडमनी तो घोटून घेतला होता. पण उत्तर द्यायला लागले तेव्हा मला घोटलेलं उत्तर आठवलं नाही, खरं आठवलं. मी म्हटलं, मी लहानपणापासून लोकांचं बोलणं बसून ऐकत आले आहे. माणूस चिडून बोलतो तेव्हा पहिल्या वाक्यात तो खोटं बोलतो आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात खरं काय ते सांगतो. तेवढं थांबावं लागतं. त्या बाई मान हलवत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. मागून देवाजी हळूच म्हणाला, “शाब्बास.”

तेवढ्यात पडद्यावर आणखी दोन चौकोन उघडले. एकात चष्म्याचे गृहस्थ, दुसऱ्यात कप हातात घेतलेल्या एक बाई. वेळेच्या आधीच आलेले मदत देणारे. “वा,” ते गृहस्थ इंग्रजीत म्हणाले. “ही तुमच्यातलीच एक ना? दाखवा ना जरा नीट.”

पटले सर दचकले. कुणाला थांबवायचं, कुणाला नमस्कार करायचा, त्यांना सुचेना. खिशात फोन वाजत होता. त्यांनी कंपनीच्या बाईंकडे बघून हात जोडले, त्या गृहस्थांकडे बघून हात जोडले. चाकांच्या खुर्चीकडे बघितलं. ती आणायला वेळ नव्हता. मग त्यांनी तेच केलं जे अशा वेळी दर खेपेला करायचे. पडद्याच्या डोक्यावर चिमट्यानं लावलेला कॅमेरा दोन बोटांनी धरला आणि खाली वळवला.

माझ्या चौकोनात मी बघितलं. माझं कपाळ वर निघून गेलं, मग डोळे, मग हलणारं तोंड. ओढणी आली, मांडीवरचे हात आले. दुसऱ्या हातानं सरांनी माझी खुर्ची जरा मागे ओढली. मग गुडघा, पट्टे, सळ्या, बूट. माझा चौकोन बुटानं भरला. माझं वाक्य अजून चालू होतं. बुटातून माझा आवाज येत होता.

कंपनीच्या बाईंनी पेन पुन्हा उचललं. त्या काही लिहीत नव्हत्या, नुसतं धरलं होतं. त्यांच्या तोंडावर काय झालं ते मी आवाजाच्या आधी बघितलं, त्या उशिराच्या क्षणात. आणि मला कळलं की काम गेलं. आवाज आला तेव्हा त्या म्हणत होत्या, “ओह. अच्छा.”

“किती प्रेरणादायी,” कपवाल्या बाई म्हणाल्या. “ही खूश असते का?”

“बहुत खूश रहती है,” सर म्हणाले, आणि माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, “बेटा, पाय जरा समोर घे.”

मी गप्प झाले. खोलीत इन्व्हर्टर घुमत होता. खाली दुकानात कुणीतरी मोटार चालू करून बघत होतं. भिंगाकडे बघायची सवय लागलेली, म्हणून मी अजून वर बघत होते आणि वर भिंग नव्हतं. त्याची पाठ होती. पलंग, शाल, पडद्याआड नेणाऱ्या मुली, बाबांचं ते जिन्यातलं ‘समजतच नाही’. आणि दोन दिवसांनी आमची मंडई. पाय समोर घ्यायला मला फक्त टाच सरकवायची होती. मी ती सरकवायला लागलेही होते. खट् असा बारीक आवाज झाला.

“काय झालं?” मागून देवाजीनं विचारलं. त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं. काळा गॉगल माझ्या आवाजाच्या दिशेनं वळलेला. “चांगली सांगून राहिली होती. चूप काऊन झाली वो?”

पडद्यावरचे तिघंही बुटाकडे बघत थांबले होते. सरांची दोन बोटं अजून कॅमेऱ्यावर होती. मी टाच होती तिथेच ठेवली.

“कॅमेरा वर करा, सर,” मी म्हटलं. “मी अजून बोलून राहिली.”